कुत्र्याचं स्वादुपिंड आणि कुंभकोणमची पंगत

कुंभकोणमला महामहम बारा वर्षांनी एकदा येतं. मागचं २०१६ साली झालं, पुढचं २०२८ साली आहे. पंगती उठायला मात्र तेवढं थांबावं लागत नाही. आदिकुंभेश्वर, सारंगपाणी, चक्रपाणी, रामस्वामी अशी मोठी देवळं चालत जाता येईल एवढ्या टापूत असलेल्या या गावात उत्सव, अन्नदान, लग्न, श्राद्ध यांपैकी काही ना काही चालूच असतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली इथे ज्या मराठी समाजात जन्मले, त्या समाजाची घरं कावेरीच्या या पट्ट्यात अजून आहेत. सणाला तिथे मराठी आणि तमिळ, दोन्ही वळणांचा स्वयंपाक होतो आणि तूप वाढताना दोन्हींत हात आखडत नाही. पानात उरलेलं जातं ते दारातल्या कुत्र्यापुढे.

सण उलटला की उलट्या करणारं, पोट आखडून बसलेलं कुत्रं दवाखान्यात येतं. घरच्यांचं निदान तोवर झालेलं असतं: खाण्यात काहीतरी आलं, एक दिवस उपाशी ठेवलं की होईल बरं. पुष्कळदा होतंही. पण यातल्या काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज आलेली असते आणि तिथे हाच सल्ला अंगाशी येतो. पॅन्क्रिअ‍ॅटायटिस या आजाराबद्दल गेल्या पंचवीसेक वर्षांत पशुवैद्यकाची समजूत बरीच बदलली आहे. निदानाच्या नव्या चाचण्या आल्या, उपासाचा नियम मोडीत निघाला, नवं औषधही आलं. या सगळ्याचा आढावा घेतला की एक गोष्ट दिसते. कुत्रं वाचतं की नाही हे महागड्या चाचणीपेक्षा किंवा परदेशी इंजेक्शनपेक्षा, संशय किती लवकर आला आणि साधे उपचार किती नेटाने झाले यावर जास्त ठरतं. लहान गावासाठी ही बातमी चांगली आहे.

आत काय बिघडतं

स्वादुपिंड ही जठराला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला लगटून असलेली फिकट गुलाबी, पातळ ग्रंथी. ती इन्शुलिन बनवते आणि अन्न पचवणारी विकरंही बनवते. प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन ग्रंथीत असताना निष्क्रिय रूपात असतं आणि आतड्यात उतरल्यावरच जागं होतं. काही कारणाने ते ग्रंथीच्या आतच जागं झालं तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. भोवतालची चरबी जळते, रक्तवाहिन्या पाझरतात, दाह पोटभर पसरतो. आजार गंभीर असेल तर रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थकतात, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते.

हे ज्ञान मुख्यतः कुत्र्यांवरूनच मिळालेलं आहे. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५६ साली कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत पित्त आणि ऑलिव्ह तेल सोडून हा दाह मुद्दाम घडवला होता. ग्रंथी स्वतःला पचवते ही कल्पना हान्स कियारीने १८९६ साली मांडली. स्वादुपिंड काढल्यावर मधुमेह होतो हे मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांना १८८९ साली कुत्र्यातच दिसलं. १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांचे इन्शुलिनचे प्रयोगही कुत्र्यांवरच झाले.

आजाराचे दोन प्रकार मानतात. एकाएकी उसळणारा तो तीव्र आणि धुमसत राहून ग्रंथीत व्रण सोडणारा तो जुनाट. जुनाट प्रकार किती लपून राहतो हे ब्रिटनमधल्या २००७ च्या एका पाहणीवरून कळतं. साध्या दवाखान्यांत मरण पावलेल्या दोनशे कुत्र्यांचं शवविच्छेदन त्यात केलं होतं. ज्यांची ग्रंथी तपासण्याजोगी शिल्लक होती, त्यांतल्या ३४ टक्क्यांत जुनाट दाहाच्या खुणा सापडल्या. ‘मधूनमधून खात नाही, गवत खातो, मग आपोआप बरा होतो’ असं ज्या कुत्र्याबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं, त्याच्याकडे या आकड्यानंतर वेगळ्या नजरेने पाहायला हवं.

कोणाला जास्त धोका

बहुतेक रुग्णांत नेमकं कारण हाती लागत नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र माहीत आहेत. नेहमीचं सोडून भलतंच खाणं आणि कचराकुंडीत तोंड घालणं यांचा आजाराशी संबंध २००८ च्या एका तुलनात्मक अभ्यासात स्पष्ट दिसला. त्याच अभ्यासात स्थूलपणाही धोक्याच्या यादीत आला. मिनिएचर श्नाउझर या जातीत रक्तातली ट्रायग्लिसराइड्स उपजतच जास्त असण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून तिचं नाव पहिलं घेतात. यॉर्कशायर टेरिअर आणि कॉकर स्पॅनिअल या जाती त्यानंतर येतात. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, कुशिंग हे आजार, फिट्सवर दिलं जाणारं पोटॅशियम ब्रोमाइड किंवा फिनोबार्बिटल, अ‍ॅझाथायोप्रिनसारखी औषधं, मोठ्या शस्त्रक्रियेत ग्रंथीचा रक्तपुरवठा कमी पडणं, हीही कारणं नोंदलेली आहेत.

कुंभकोणमच्या घरांत श्नाउझर क्वचित. इथे दिसतो तो ज्याला सगळे पॉमेरेनियन म्हणतात तो स्पिट्झ, लॅब्रॅडॉर, कुठे राजपालयम किंवा चिप्पिपारै, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे गल्लीत जन्मून दारात स्थिरावलेलं गावठी कुत्रं. राजपालयम आणि चिप्पिपारै मूळचे शिकारी, सडपातळ. लॅब्रॅडॉरचं तसं नाही. भूक आवरण्याशी संबंधित एका जनुकातला दोष या जातीतल्या सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांत असतो, असं केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. म्हणजे समोर येईल ते खाणारा लॅब्रॅडॉर दर वेळी लाडावलेला असतो असं नाही. पण वजन सुटलेला लॅब्रॅडॉर आणि सणाचं घर ही जोडी धोक्याचीच.

नदीकाठच्या सखल, ओल्या प्रदेशात आणखी एक पदर येतो. गोचिडांतून पसरणाऱ्या बॅबेसिया या परजीवीच्या संसर्गात काही कुत्र्यांचं स्वादुपिंडही सुजतं. ताप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या आणि उलट्या एकत्र दिसल्या तर एकच आजार शोधून थांबू नये. शेतीसाठी किंवा गोचिडांवर वापरलेली ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकंही या ग्रंथीला इजा करू शकतात. भातशेतीला लागून असलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

ओळखायचं कसं

या आजाराची स्वतःची अशी एकही खूण नाही, अडचण तिथूनच सुरू होते. या आजाराने दगावलेल्या सत्तर कुत्र्यांच्या नोंदी अमेरिकेत अभ्यासल्या गेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत अन्न सोडलेली ९१ टक्के, उलट्या करणारी ९० टक्के आणि अशक्त झालेली ७९ टक्के होती. पोटदुखी मात्र ५८ टक्क्यांतच नोंदलेली होती आणि जुलाब ३३ टक्क्यांत. ही गंभीर, जीवघेणी प्रकरणं होती, तरी जवळजवळ निम्म्यांत पोटदुखीची नोंद नाही. पोटदुखी नव्हती असा याचा अर्थ घेऊ नये. ती ओळखली गेली नसेल असं मानणं जास्त शहाणपणाचं.

कारण कुत्रं पोटदुखी सांगतं ते शरीराच्या ठेवणीतून. पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवायचे, छाती खाली घ्यायची, मागचा भाग मात्र उभाच ठेवायचा आणि तसंच राहायचं, ही ठेवण पाहून घ्यावी. झोपेतून उठून आळस देणारं कुत्रंही असंच वाकतं, पण ते दोन क्षणांत सरळ होऊन शेपूट हलवतं. दुखणारं कुत्रं त्याच स्थितीत थांबतं, उठतं, दोन पावलं टाकतं आणि पुन्हा तसंच वाकतं. काही कुत्री पाठ कमानीसारखी करून उभी राहतात, काही गार फरशी शोधतात, काही उचलून घेताना गुरगुरतात. पोटाला हात लावल्यावर स्नायू ताठ होत असतील तर तीही कबुलीच.

घरी दोन गोष्टी पाहता येतात. ओठ वर करून हिरडीला बोट लावावं. ती ओलसर आणि गुलाबी हवी. चिकट, कोरडी असेल तर शरीरातलं पाणी कमी झालंय. मग हिरडी बोटाने दाबून सोडावी. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. त्याहून वेळ लागत असेल तर रक्ताभिसरण मंदावलं आहे आणि सकाळची वाट पाहण्यात अर्थ नाही. दिवसभरात वारंवार उलट्या, पाणीही न टिकणं, उभं राहता न येणं, डोळे किंवा हिरड्या पिवळसर दिसणं, यांतलं एकही असेल तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठावा.

उलट्या करणाऱ्या कुत्र्यात इतरही आजार तपासावे लागतात. लस न दिलेल्या पिल्लात पार्व्हो, ओल्या हंगामात लेप्टोस्पायरोसिस, हाड किंवा आंब्याची कोय अडकून आतडं बंद होणं, मूत्रपिंडं निकामी होणं, उंदरांचं विष. यांतल्या काहींवर तातडीची शस्त्रक्रिया लागते. त्यामुळे ‘कालच पुरणपोळी खाल्ली होती’ एवढ्यावर निदान ठरवणं जसं चूक, तसंच ती खाल्ल्याचं डॉक्टरांपासून लपवणंही चूक.

चाचण्या: कशावर किती भरवसा

अमायलेज आणि लायपेज या रक्ताच्या जुन्या चाचण्या. माणसांच्या लॅबमध्येही त्या होतात म्हणून अजून मागवल्या जातात. पण कुत्र्यात ही विकरं जठर, आतडं अशा इतर अवयवांतूनही येतात आणि मूत्रपिंडं बिघडली तरी वाढतात. स्वादुपिंड सुजलेलं असूनही आकडे साधे येऊ शकतात. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी फक्त स्वादुपिंडातलं लायपेज मोजणारी चाचणी विकसित केली, तिथून चित्र बदललं. तिचं प्रयोगशाळेतलं रूप म्हणजे स्पेक सीपीएल. आकडा लिटरमागे २०० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर हा आजार असण्याची शक्यता कमी, ४०० किंवा वर असेल तर निदानाला बळ, आणि मधला पट्टा संदिग्ध. दवाखान्यातच काही मिनिटांत होणारं स्नॅप सीपीएल किटही आहे. त्याचा खरा उपयोग आजार नाही असं म्हणण्यासाठी. ते नकारात्मक आलं तर दुसरं कारण शोधावं. सकारात्मक आलं तर लगेच शिक्कामोर्तब करू नये, कारण पोटातल्या इतर आजारांतही ते सकारात्मक येऊ शकतं.

सोनोग्राफीत सुजलेली ग्रंथी काळसर आणि भोवतालची चरबी पांढुरकी दिसते. पण मशीन किती चांगलं आणि ते फिरवणारा हात किती सरावाचा, यावर सगळं अवलंबून. एक्स-रेचा उपयोग मुख्यतः आतडं अडकलेलं नाही ना, हे पाहण्यासाठी. ग्रंथीचा तुकडा काढून तपासणं हा कागदावरचा अंतिम पुरावा, पण दाह ग्रंथीत ठिकठिकाणी विखुरलेला असतो. नेमका निरोगी तुकडा हाती आला तर तोही पुरावा फसवा, शिवाय आजारी कुत्र्याला भूल देण्याचा धोका वेगळाच.

तेव्हा लक्षणं, विशिष्ट लायपेज आणि सोनोग्राफी या तिन्हींची सांगड घालून निदान करायचं, हा आजचा सर्वमान्य मार्ग. सीपीएल किट जवळ नाही म्हणून उपचार अडून राहत नाहीत. रक्तातल्या पेशी, साखर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, पोटॅशियम आणि यकृताच्या चाचण्या यांतून कुत्रं किती धोक्यात आहे हे कळतं, आणि उपचारांची दिशा त्यावरूनच ठरते.

उपचार: काय बदललं, काय तसंच राहिलं

न बदललेली गोष्ट म्हणजे सलाईन. उलट्यांमुळे आणि पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांमुळे पाणी झपाट्याने कमी होतं, ग्रंथीचा रक्तपुरवठा घटतो आणि दाह आणखी वाढतो. शिरेतून रिंगर लॅक्टेटसारखे द्राव वेळेवर आणि हिशोबाने देणं हा उपचाराचा कणा आहे. हिशोबाने अशासाठी, की फार दिलं तरी फुप्फुसांत पाणी होतं.

दुसरी गोष्ट वेदनाशमन. कुत्रं विव्हळत नाही म्हणून त्याला दुखत नाही असं धरायचं नाही. दुखतंच आहे असं धरून ब्युप्रेनॉर्फिन, फेंटानिल अशा गटातली औषधं द्यायची, ही आताची शिस्त. घरातल्या डब्यातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी मात्र कुत्र्याला कधीही देऊ नये. पाणी कमी झालेल्या शरीरात ती जठराला व्रण पाडते आणि मूत्रपिंडं निकामी करते. तिसरी गोष्ट उलट्या थांबवणं. मॅरोपिटंट आणि ऑन्डान्सेट्रॉन यांमुळे हे काम पूर्वीपेक्षा खूप सोपं झालं आहे.

मोठा बदल झाला तो उपासाबाबत. ग्रंथीला विश्रांती द्यायची म्हणून तीन-चार दिवस तोंडाला काही लावायचं नाही, असं पूर्वी शिकवलं जाई. पण उपाशी आतड्याचं अस्तर झिजतं, जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते आणि कुत्रं अशक्त होतं. तीव्र दाह असलेल्या कुत्र्यांना नळीवाटे लवकर अन्न देऊन पाहिल्याचा एक छोटा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांना ते चांगलं सोसलं. आता उलट्या आटोक्यात आल्या की लगेच, शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांतच, कमी चरबीचं अन्न थोडं थोडं सुरू करतात. कुत्रं स्वतःहून खात नसेल तर नाकातून किंवा मानेतून नळी घालतात. जबरदस्तीने चमच्याने भरवू नये. त्याने अन्नाची घृणा बसते आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

प्रतिजैविकांची सवयही सुटायला हवी. कुत्र्यांतला हा दाह बहुधा जंतूंमुळे झालेला नसतो. घास फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया झाला किंवा जंतुसंसर्गाचा पुरावा मिळाला तरच ती द्यावीत. स्टेरॉइड एके काळी वर्ज्य होतं. जपानमधल्या २०१९ च्या एका अभ्यासात प्रेड्निसोलोन दिलेल्या कुत्र्यांची प्रगती चांगली दिसली. पण तो अभ्यास सोडत पद्धतीने गट पाडून केलेला नव्हता, म्हणून तज्ज्ञ अजून सावध आहेत. फुझाप्लाडिब हे दाहपेशींना ग्रंथीत शिरण्यापासून रोखणारं इंजेक्शन जपानमध्ये २०१८ साली मंजूर झालं. अमेरिकेत त्याला २०२२ साली सशर्त मान्यता मिळाली. रोज एक याप्रमाणे तीन दिवस ते शिरेतून देतात. ते मिळालं तरी सलाईन, वेदनाशमन आणि अन्न यांच्या जोडीला द्यायचं औषध आहे, त्यांच्या जागी द्यायचं नव्हे.

सौम्य आजारातून कुत्री बहुधा काही दिवसांत सावरतात. गंभीर होऊन मोठ्या रुग्णालयांत भरती झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत २७ ते ५८ टक्के आलं आहे. म्हणून पुढे कधी पाठवायचं याचा निर्णय पहिल्याच दिवशी व्हावा. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांवरही काम चालत असे. त्याच तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडूला २०१२ पासून सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुंभकोणमपासून ते साधारण साठ किलोमीटर. त्याहून मोठं केंद्र म्हणजे वेपेरीतलं १९०३ सालचं मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय. एक दिवस सलाईन देऊनही लघवी होत नसेल, श्वास जोरात चालत असेल, कावीळ दिसत असेल, तर गाडी काढावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कुत्रं कोसळल्यावर केलेला तोच प्रवास फारसा उपयोगी पडत नाही.

बरं झाल्यावर

ग्रंथीचा मोठा भाग नासला असेल तर दोन आजार मागे राहू शकतात. इन्शुलिन कमी पडून मधुमेह होतो. विकरं कमी पडली तर कुत्रं भरपूर खाऊनही वाळत जातं आणि ढीगभर, पिवळसर, तेलकट शी करतं. पहिल्याला इन्शुलिनची इंजेक्शनं, दुसऱ्याला अन्नात मिसळायची विकरांची पावडर. दोन्ही जन्मभर, पण दोन्हींसह कुत्रं चांगलं जगतं. ट्रायग्लिसराइड्स उपाशीपोटी मोजून घ्यावीत. ती चढी राहिली तर आहारातली चरबी आणखी कमी करावी लागते आणि वेळप्रसंगी औषधही लागतं.

चरबीचा हिशोब

प्रतिबंधाबद्दल ‘तेलकट देऊ नका’ एवढं सांगून भागत नाही, कारण घरोघरी तेलकटाची व्याख्या वेगळी. आकड्यांत पाहिलं की बोलणं पक्कं होतं. हा आजार होऊन गेलेल्या कुत्र्याच्या अन्नात दर १,००० कॅलरींमागे चरबी साधारण २० ग्रॅमच्या आसपास किंवा कमी ठेवतात. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी लागतात. म्हणजे त्याचा दिवसभराचा चरबीचा कोटा झाला १२ ग्रॅम. एक मोठा चमचा तूप म्हणजे १३-१४ ग्रॅम चरबी. भातावर प्रेमाने सोडलेल्या एका चमच्यात पूर्ण दिवसाचा कोटा ओलांडला जातो, बाकीचं अन्न अजून मोजायचंच आहे.

विकतच्या कोरड्या खाद्याचंही असंच. पाकिटावर १२ टक्के चरबी आणि किलोला ३,५०० कॅलरी असं लिहिलेलं असेल तर किलोमागे चरबी १२० ग्रॅम, आणि दर १,००० कॅलरींमागे ३४ ग्रॅम. निरोगी कुत्र्याला ते चालेल, आजारातून उठलेल्याला नाही. टक्केवारी कमी दिसते म्हणून फसू नये, भागाकार करून पाहावा.

दहीभात या भागात माणसांइतकाच कुत्र्यांचाही रोजचा. त्याला सरसकट गुन्हेगार ठरवायचं कारण नाही. प्रश्न दुधाचा आहे. फुल क्रीम दुधात ६ टक्के चरबी, टोन्ड दुधात ३, डबल टोन्डमध्ये दीड. पाणी न घातलेल्या ज्या दाट दुधावर इथली डिग्री कॉफी उभी आहे, त्याच दुधाचं सायीसकट दही कुत्र्याच्या वाडग्यात जाऊ नये. साय काढून, पातळ ताक करून कालवलेला भात चालेल. तरीही नुसत्या दहीभातावर कुत्र्याचं पोषण होत नाही. त्याला कातडी आणि चरबी काढलेल्या उकडलेल्या कोंबडीची, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची जोड हवी. रोजचा घरगुती आहार कायमचा ठेवायचा असेल तर तो पशुवैद्याकडून एकदा बसवून घ्यावा.

गावठी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या उष्ट्यावर जगतात, त्यांना कुठे काय होतं, असा एक युक्तिवाद हमखास येतो. गल्लीतलं कुत्रं दिवसभर फिरतं, थोडं थोडं खातं आणि जे आजारी पडतं ते आडोशाला जाऊन मरतं. त्याची नोंद कुठल्या दवाखान्यात होत नाही, म्हणून उदाहरणं दिसत नाहीत. उलट वर्षभर बेताचं खाणाऱ्या कुत्र्यापुढे एकाच दिवशी वडे, हलवा, मटणाची चरबी आणि हाडं पडतात तेव्हाच धोका सगळ्यांत मोठा.

म्हणून सणाच्या दिवशी कुत्र्याचं खाणं आधी, त्याचं त्याला, नेहमीच्या वेळी द्यावं. पाहुण्यांना सांगून ठेवावं, मुलांना तर आधी. उष्ट्या पानांचा ढीग झाकणाच्या डब्यात जावा. वजन महिन्यातून एकदा पाहावं. बरगड्या हाताला लागत नसतील तर वाडगा लहान करावा. गोचिडांचं औषध वेळेवर लावावं. आणि एवढं करूनही कुत्र्याने दोन जेवणं नाकारली, उलट्या झाल्या, पोट आखडून बसलं, तर उपास घालून वाट न बघता दवाखान्यात न्यावं. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: पाणी कमी झालंय का, वेदनेवर काय देताय, आणि खायला कधी सुरू करायचं. या तिन्हींची नीट उत्तरं जिथे मिळतात, तिथे सीपीएलचं किट नसलं तरी कुत्रं योग्य हातात आहे.